जावयाच्या यंत्राचा पाहुणचार

आमच्या शालूचं लग्न झालं त्या साली, म्हणजे चौऱ्याहत्तरला, भाद्रपद अधिक आला. लेकीचा पहिलाच धोंड्याचा महिना! मी वरवट बकालच्या पारावर सांगून टाकलं, "माह्या घरून जावई कसा जाते ते पाहाच! असं जेवू घालतो का त्याले उचलून मोटारीत बसवा लागन!"

जावई इंद्रभानराव बंगलोरला उपग्रहाच्या कामावर. आले ते बगलेत डबा धरून. आत ताऱ्यांची किरणं मोजणारं यंत्र, त्यांनी दोन वर्षं खपून बनवलेलं! त्याच दुपारी मलकापूरहून परतीची गाडी धरायची आणि बंगलोरला साहेबांपुढं ते चालवून दाखवायचं. चाललं तर उपग्रहात बसणार, नाहीतर दुसऱ्या कोणाचं बसणार.

"हे खाते काय?" मी विचारलं.

"टॉर्चचे दोन बारके सेल, मामाजी. सहा महिने पुरतात."

मी हादरलोच! "सहा महिने? अहो, जेलातल्या कैद्यालेही याहून जास्त भेटते!"

"कमी खातं, तेच तर त्याचं मोठेपण!" जावई हसून आंघोळीला गेले.

मला काही ते पटेना. धोंड्याचा महिना, आणि जावयासोबत आलेला जीव माझ्या ओसरीवर अर्धपोटी? माझा धाकटा भाऊ कडूबा ट्रक दुरुस्त करायचा. त्याला हाक मारली.

"कडूबा, ट्रकची बॅटरी आन!"

"काऊन, दादा?"

"पाहुन्याले जेवू घालाचं हाय!"

कडूबानं सेल काढून तारा जोडल्या. यंत्राचा इवलासा दिवा हळद लागलेल्या नवरीसारखा उजळला!

"पाह्य बे, कसं तरतरीत झालं! किती दिवसाचं भुकेलं..."

फट्ट!

डब्यातून असा धूर निघाला की शेजारचा रज्जाक पाण्याची बादली घेऊन धावला. जावई ओल्या अंगानं पळत आले. डबा उघडला आणि त्यांचा आ मिटेचना.

"मामाजी... याला तीन व्होल्ट लागतात!"

"मंग आपन किती देल्ले बे, कडूबा?"

"बारा."

"पाहा जावईबापू, चौपट! कमी तं नाही पडू देल्लं!"

कडूबा बॅटरी उचलून परसदारी पळाला. तेवढ्यात शालूची आई, आमची मंजुळाबाई, अनारशांचं ताट घेऊन बाहेर आली. सगळ्यांची तोंडं पाहून तिनं ताट तिथंच खाली ठेवलं.

"शाले, कोन गेलं वं?"

जावयांनी एकाही अनारशाला हात लावला नाही. गार झालेला डबा पुन्हा बगलेत धरला आणि गाडी गाठली. उपग्रहात दुसऱ्या कोणाचं तरी यंत्र बसलं.

मंजुळाबाईला उत्तर द्यायचं तेवढं राहून गेलं, ते इथं देतो. जावयाचं यंत्र वारलं. अधिकातल्या शुक्रवारी, सकाळी, आमच्या ओसरीवर, जेवता जेवता.