विश्वेशच्या व्हॅनचा लाल दिवा

चेन्नईतल्या अंबत्तूरच्या आपल्या बिल्डिंगखाली व्हॅन आणून उभी केली, तेव्हा विश्वेश दांडेकरला वाटलं, आता उरलेलं आयुष्य म्हणजे डोंगर, समुद्र आणि हातात कॉफी. एका जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये त्याने दोन पलंग, पंखा, छोटा फ्रिज आणि छतावर सोलर असा संसार थाटून घेतला होता. पार्किंगमधल्या प्लगमधून व्हॅनला वीज जोडून त्याने बायकोला मोठ्या थाटात फ्रिज उघडायला सांगितला. नंदिताने हात लावला आणि "आई गं!" करत ती थेट दाराबाहेर आली.

"करंट मारतोय!"

"मारत नाही गं, नुसत्या झिणझिण्या आहेत." (स्वतः विश्वेशने फ्रिजला अजून हात लावलेला नव्हता.)

नंदिता वाद घालत नाही, निकाल देते. "रविवारी आई कराडहून येतेय. येलगिरीच्या डोंगरावर यातूनच नेणार, असं तुम्हीच तिला फोनवर सांगितलंत. या फ्रिजला हात लावून तिला एक जरी झिणझिणी आली, तर व्हॅन विकायची."

विश्वेशने तीन संध्याकाळी व्हिडिओ बघून अभ्यास केला आणि ठरवलं, व्हॅनला सर्ज प्रोटेक्टर लावायचा. एवढंच. एक डबा आणायचा आणि लावायचा.

"छोटा हवा की मोठा, सार?" दुकानदाराने विचारलं.

"फरक काय?"

"छोटा फक्त लाईनमधून अचानक आलेलं जास्तीचं व्होल्टेज अडवतो. मोठा आधी तुमची लाईन तपासतो. व्होल्टेज बरोबर नसेल, अर्थिंग नसेल, तर लाल दिवा लावतो आणि करंट आत सोडतच नाही. फार कडक, सार."

सासूबाईंचा प्रश्न होता. विश्वेशने कडक घेतला.

घरी येऊन जोडला, तर लाल दिवा. काढून पुन्हा जोडला, तरी लाल. पडद्यावर स्पष्ट अक्षरं होती : अर्थ नाही. विश्वेशने तो तडक दुकानात नेऊन बदलून आणला. दुसराही लाल. तिसराही लाल.

"सार," दुकानदार या वेळी चहा सांगून बसला, "तीन पीस एकच खोटं कसं बोलतील?"

तरी विश्वेशचा विश्वास बसेना. तिसरा डबा त्याने घरात नेऊन स्वयंपाकघरात लावला. लाल. बेडरूममध्ये लाल. शेवटी तो वरच्या मजल्यावर राणोजीरावांकडे गेला. राणोजीराव तंजावरकडचे मराठी, रेल्वेत विजेच्या कामावर आख्खी नोकरी केलेले. त्यांच्या हॉलमध्येही लालच लागला, तेव्हा ते खुर्चीतून उठले.

"मशीन खरं बोलतें, विश्वेश. सगळ्या बिल्डिंगची अर्थिंग गेली. चल खाली. खड्डा कोठें आहे पाहू."

"कसला खड्डा?"

"अय्यो! अर्थिंगचा. पाणी ओतून ओला ठेवतात तो. तूच तर सेक्रेटरी!"

सोसायटीचा सेक्रेटरी विश्वेशच होता. गेली दोन वर्षं. बिनविरोध.

खाली पार्किंगमध्ये वॉचमन पेरुमाळने खड्डा कुठे ते लगेच दाखवलं. त्याचं बोट बरोबर व्हॅनच्या पोटाखाली होतं. मार्चमध्ये पाण्याचे टँकर सुरू झाले, तेव्हा हा पेरुमाळ कोपऱ्यातल्या एका खड्ड्यात रोज बादलीभर पाणी ओतताना विश्वेशने पाहिला होता आणि ही नासाडी तत्काळ बंद केली होती. एप्रिलमध्ये व्हॅनला जागा हवी म्हणून त्याने त्या खड्ड्यातला 'निरुपयोगी' पाइप कापून वर काँक्रीट घातलं होतं. पेरुमाळने तेव्हा दहा मिनिटं तमिळमध्ये कळवळून काहीतरी सांगितलं होतं. विश्वेश एकोणीस वर्षं चेन्नईत राहून "सरि, सरि", म्हणजे "बरं, बरं", एवढंच शिकला होता. तेवढंच तो म्हणाला होता.

तोवर अर्धी बिल्डिंग जमली होती. चौथ्या मजल्यावरच्या त्रिपुरसुंदरी मामींनी पर्समधून मोबाईल काढला आणि बिल्डिंगच्या ग्रुपवरचा मेसेज सर्वांना वाचून दाखवला. त्यांच्या वॉशिंग मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात, या तक्रारीवर महिन्यापूर्वी उत्तर आलं होतं : 'रबरी चपला घालून कपडे धुवावेत. सेक्रेटरी.'

विश्वेशला त्या क्षणी खरोखरच लाज वाटली. लहान मुलं राहत होती या बिल्डिंगमध्ये. काही झालं असतं तर? त्याचे हातपाय गार पडले, मे महिन्यात, चेन्नईत.

राणोजीरावांनी आख्ख्या बिल्डिंगचा मेन स्विच खाली ओढला. "अर्थिंग नाही, तोंवर करंट नाही." व्हॅन ढकलून बाजूला केली, काँक्रीट फुटू लागलं. काम दोन दिवसांचं होतं.

मग मामींना आठवलं, की घरोघरचे फ्रिज बंद पडले, तरी व्हॅनचा फ्रिज सोलरच्या बॅटरीवरही चालतो. पाच मिनिटांत त्या इडलीच्या पिठाचा डबा घेऊन आल्या. मागोमाग सोळा फ्लॅटचं पीठ आलं.

रविवारी सासूबाई, म्हणजे जयवंतीबाई, स्टेशनवरून थेट व्हॅनमध्येच आल्या, कारण पंखा फक्त तिथे फिरत होता. नंदिताने फ्रिजकडे बोट दाखवलं. सासूबाईंनी कडीला हात घातला.

दार उघडलं. झिणझिणी आली नाही. बॅटरीवर ती कुठून येणार?

"बाई, किती पीठ!" सासूबाई म्हणाल्या. "आणि किती गार!"

व्हॅन वाचली. पण विश्वेशने येलगिरीचं नाव काढताच राणोजीराव कुदळवाल्याजवळून ओरडले, "नक्को! गाडी हालवायची नक्को. पीठ आहे आंत."

दुपारी वर घराची भट्टी झाली होती. मायलेकी व्हॅनमध्ये पंख्याखाली आडव्या झाल्या होत्या. घामाने निथळणाऱ्या विश्वेशने दार थोडंसं उघडून आत डोकं घातलं. "मी जरा टेकू का? पाचच मिनिटं."

सासूबाईंनी डोळे न उघडताच सांगितलं, "विश्वेशराव, आधी दार लावा. बाहेरून. पीठ आंबतंय."