गेमच्या पाटीवरची बाई

"ही लढाईले निघाली का आंघोळीले?" जिजाबाईंनी पाटीकडे बघून विचारलं.

पाटी त्यांच्या मुलाच्या, मनोहरच्या, नव्या दुकानाची होती. सावनेर सोडून वाडीत भाड्याच्या दोन खोल्यांत आल्यापासून त्याने चार धंदे करून पाहिले होते. आता पुढच्या खोलीत व्हिडिओ गेमचं जुनं मशीन आणलं होतं. दसऱ्याला दुकान सुरू व्हायचं होतं. मशीनमध्ये एक राणी राक्षसांशी लढते. म्हणजे मनोहर तसं सांगे. पडद्यावर ती रंगीत ठिपक्यांची दिसे, डोकं कुठलं आणि पाय कुठले हे विचारावं लागे. त्या ठिपक्यांतून पेंटर देवरावांनी पाटीवर जी बाई काढली होती, ती मुठीत मावेल अशा कमरेची, आणि अंगावर दोन चिंध्या. देवराव अमरावती रोडवर ट्रक रंगवत. ट्रकवाल्यांना चालायची तशीच त्यांनी इथेही काढली.

"काकू, लढणारी बाई अशीच राहते," देवराव म्हणाले.

"काहून? तलवारीचं वजन का तिचा बाप उचलन? अन् पोट उघडं टाकून लढाईले जाते का कोणी? पहिला वार कुठं बसन, सांग ना गा!"

देवराव ब्रश पुसत पाटीकडे पुन्हा बघू लागले. बाईच्या अंगात बळ असेल, तर ते कुठेतरी दिसायला नको का?

प्रश्न नुसता शोभेचा नव्हता. घरमालक वामनराव कडक. "खेळाच्या नावाखाली दारात वंगाळ काही दिसलं, तर दसऱ्यालेच खोल्या खाली करा," असं त्यांनी बजावलं होतं, आणि दसऱ्याला सोनं द्यायला ते सहकुटुंब येणार होते. डोक्यावरचं छप्पर त्या दोन चिंध्यांवर अडकलं होतं.

"दंड दाखव. खांदे दाखव. पूर्ण लुगडं नेसव," जिजाबाईंनी हुकूम सोडला.

"मले तशी बाई येत नाही काकू. पाहू कोणाले?"

तेवढ्यात जिजाबाईंची सून जयवंता चक्कीवरून आली. डोक्यावर पिठाचा भरलेला डबा, काखेत पाण्याची घागर, आणि चालताना श्वाससुद्धा वाढलेला नाही. देवराव बघतच राहिले. जिजाबाईही बघत राहिल्या. एरवी त्या सुनेला म्हणत, "तू दारात उभी राहिली का घरात अंधार पडते वं."

"जयवंता, मुसळ घे अन् इथं उभी राह्य."

"मी? मामीजी, लोकं हासतीन ना!" जयवंता सासूला म्हणाली.

"हासू दे. दात दिसतीन त्याईचे, तुहं काय जाते?"

जयवंता मुसळ उगारून उभी राहिली. ढाल म्हणून हाती परात दिली. देवरावांनी आयुष्यात पहिल्यांदा समोर बघून चित्र काढलं. दंड आले, पोट आलं, घोट्यापर्यंत हिरवं लुगडं आलं. मुसळाची तलवार झाली, परातीची ढाल झाली. चेहरा तेवढा त्यांनी मनचा काढायचा ठरवला होता, पण हात वळला तो जयवंतावरच. अष्टमीला सकाळी पाटी दारावर चढली. 'व्हिडिओ गेम' ही अक्षरं रंग वाळल्यावर लिहायची होती.

तिथेच घात झाला.

नवरात्रात, हातात शस्त्र, अंगाने भरलेली, लुगडं नेसलेली बाई! वाडीला दुसरी कोण वाटणार? पहिल्या ट्रकवाल्याने चप्पल काढून नारळ ठेवला. त्याला बघून दुसऱ्याने ठेवला. दुपारी कोराडीच्या देवीचं दर्शन घेऊन परतणाऱ्या बायका ओटी घेऊन आत शिरल्या. त्यांना मशीन दिसलं, त्याच्यावर नारळ ठेवायला जागा बरी होती.

"अवं काकू, हा गेम होय!" मनोहर त्यांतल्या एकीवर ओरडला.

"देवीसमोर खेळ मांडतं काय गा? लाज नाही वाटत!"

मशीन बघायला आलेली पोरं प्रसाद खाऊन पळत होती. अक्षरं लिहायला देवराव शिडीवर चढले, तर बायकांनी पायाला धरून खाली ओढलं.

"माय, तुह्या लुगड्यानं माहा धंदा बुडवला!" मनोहर रडकुंडीला आला.

दसऱ्याला वामनराव आले. चपलांचा ढीग पाहून त्यांचा आवाज चढला. "माह्या घराचं देऊळ केलं? मले न विचारता? मनोहर, सामान बांध!"

त्यांची बायको कौशल्या मात्र पाटीपुढे उभी होती. तीही अंगाने चांगली दणकट. "अहो, पाहा ना, हिचे दंड माह्यासारखे हायत," ती म्हणाली. तेवढ्यात जयवंता चहा घेऊन आली. कौशल्येने तिच्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं.

"अवं, ही देवी नोहे! ही तं जयवंता!"

ओटीवाल्या बायका मागे सरकल्या. एकीने नारळ परत उचलला. जयवंताने चहा खाली ठेवला. ती आत पळणार, तोच जिजाबाई दारात आडव्या झाल्या.

"हो, माही सून हाय! काहून? मागच्या उन्हाळ्यात मी तापानं फणफणली, ऑटो भेटे ना. हिनं मले पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. या दंडानं. कंबर मुठीएवढी असती, तं मी आज फोटोत असती. ठेव तो नारळ खाली!"

बाईने नारळ ठेवला. कौशल्येने आपल्या पिशवीतलं कुंकू काढून जयवंताला लावलं, आपट्याचं पान हातात दिलं, आणि नवऱ्याकडे नुसतं बघितलं.

"मी कुठं काही म्हणलं? राहू द्या ना खोल्या," वामनराव म्हणाले.

"बरं, ही लढते कशी, ते दाखव गा मनोहर," कौशल्या म्हणाली.

नारळ उतरवले, मशीन सुरू झालं. कौशल्या खेळायची दांडी सोडेना. तिच्यामागे ओटीवाल्यांची रांग लागली. वामनराव कोपऱ्यात सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत उभे राहिले.

जिजाबाईंची पाळी आली. त्यांनी पदर खोचला, दांडी धरली, राक्षसाला एक सणसणीत शिवी दिली. राणी पहिल्याच फटक्यात पडली. दुसऱ्यांदाही पडली.

"माह्याच्यानं नाही होत वं," त्या म्हणाल्या. "जयवंता, तू धर."

हे वाक्य त्या घरात आजवर कोणी ऐकलं नव्हतं. पुन्हा ऐकू येईल म्हणून मनोहरने मशीनचा आवाजसुद्धा कमी केला. पण जिजाबाई काय दुसऱ्यांदा बोलतात? त्या सुनेच्या पाठीशी उभ्या राहून रांगेतल्या बायकांवर खेकसत होत्या, "ढकलू नका वं, तिले लढू द्या!"