सगुणा खारीची तीन दरपत्रकं

एका जंगलात, बाळांनो, बिबट्या तेवढा वेळेवर यायचा. बाकी सगळ्यांनाच उशीर व्हायचा. आठवड्याला एक ससा पाणवठ्यावरून परत येत नसे. ससे हळहळायचे, शोकसभा घ्यायचे आणि तहान लागली की पुन्हा पाणवठ्यावर जायचे. तहानेपुढे कोणाचं चालतं?

त्याच जंगलात सगुणा नावाची खार राहायची. बिघडलेले रेडिओ उघडून पुन्हा जोडणं हा तिचा नाद. तिच्या झाडाच्या मुळाशी बायजा सशीण राहायची. बायजाला नुकतीच चार पिल्लं झाली होती, त्यामुळे तिला पाणी दुप्पट लागायचं. ती पाण्याला गेली की परत येईपर्यंत सगुणेच्या घशाखाली जांभूळ उतरत नसे.

शेवटी सगुणेने ठरवलं, बिबट्या जवळ आला की बोंब मारणारा भोंगा करायचा. भोंग्याला लागतो सर्किट बोर्ड, म्हणजे तांब्याच्या बारीक वाटा असलेली पाटी. कुठली वाट कुठून न्यायची ते आधी संगणकावर काढावं लागतं, आणि त्यासाठी लागतं सॉफ्टवेअर. पलीकडच्या डोंगरावरच्या आठ पायांच्या कोळ्याने असं एक सॉफ्टवेअर करून सगळ्यांना फुकट दिलं होतं. सगुणा त्याच्याकडे जाऊन दोन दिवसांत ते शिकूनही आली.

पण जंगलातला एकुलता एक संगणक प्राण्यांच्या सभेचा. त्यावर काही चढवायचं तर खरेदी समितीची मंजुरी हवी. समितीचा अध्यक्ष गवा. बिबट्या गव्याच्या वाटेला जात नाही, म्हणून गव्याला घाई नव्हती. रानडुक्कर आणि साळिंदर हे सदस्य, त्यांनाही नव्हती. सशांचा सदस्य तीन महिने गैरहजर होता. तो कुठे गेला हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण इतिवृत्तात 'गैरहजर' असंच लिहायची पद्धत होती.

नियम होता तीन दरपत्रकांचा. तिघांनी दर द्यायचे, सर्वांत कमी असेल त्याचं घ्यायचं. कोळ्याने दराच्या रकान्यात लिहिलं होतं, 'काही नको'. गव्याने चष्मा पुसून तो कागद दोनदा वाचला.

"काही नको हा दर नव्हे," तो म्हणाला. "दरच नसेल तर वस्तू स्वस्त की महाग, हे आम्ही कशावरून ठरवायचं?"

कागद बाद झाला. उरलं कोल्ह्याचं दरपत्रक: वर्षाला हिरड्याची पन्नास पोती, आणि बोर्डावर तांब्याच्या वाटांचे एकाखाली एक सोळा थर काढायची सोय. सगुणा म्हणाली की तिला एकच थर पुरतो. रानडुकराने विचारलं की उद्या सोळा लागले तर? दुसरं दरपत्रक कोल्ह्याच्या मेव्हण्याचं होतं, साठ पोत्यांचं, त्याच अक्षरात. असं चालतं. तिसरं मात्र कोणी देईना. तेव्हा सभेने पाणवठ्यावरच्या सागाला जाहिरात लावली.

पाणवठ्यावर निवांत उभं राहून वाचणारा एकच होता. बिबट्याने दर दिला: महिन्याला एक ससा.

साळिंदराने हिशेब केला. सध्या महिन्याला चार ससे जातात. यात तीन वाचतात, वर हिरडाही वाचतो. दरपत्रक एकमताने मंजूर झालं. दुसऱ्याच दिवशी बिबट्याने सॉफ्टवेअर आणून दिलं. सगुणेने उघडून पाहिलं तर ते कोळ्याचंच होतं, वर फक्त पंजाचा शिक्का.

"अहो, हे तर तेच आहे," सगुणा म्हणाली.

"तेव्हा त्याला दर नव्हता," गवा म्हणाला. "आता आहे."

सगुणेने दातओठ खात बोर्ड काढला, भोंगा जोडला आणि सागावर बांधला. भोंगा फक्कड निघाला. बिबट्या शंभर पावलांवर आला की बोंब ठोकायचा आणि ससे बिळात पळायचे. महिनाभर एकही ससा गेला नाही. बायजा पिल्लांना घेऊन पाण्यावर जाऊ लागली. सगुणा कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

मग एक तारीख आली. बिबट्या ठरलेला ससा न्यायला आला, भोंगा वाजला, ससे बिळात गेले आणि त्याला हात हलवत परतावं लागलं. तो सरळ सभेत गेला आणि त्याने रीतसर तक्रार नोंदवली.

समितीला फार लाज वाटली. ठराव झाला की दर एक तारखेला भोंगा बंद ठेवावा आणि भोंग्याचा सर्वांत जास्त लाभ घेणाऱ्याने बिबट्याकडे आधी जावं. दिवसातून दोनदा पाण्याला कोण जातं? यादीत पहिलं नाव बायजाचं लागलं.

बायजा रडली नाही. पिल्लांना पोटाशी घेऊन म्हणाली, "सगुणे, कोल्ह्याचं घेतलं असतं तर बरं झालं असतं गं. महाग होतं, पण हिरड्यावर भागलं असतं."

सगुणेला भडभडून आलं. मग राग आला, आणि रागात तिचं डोकं बरं चालायचं. ती सभेत जाऊन हात जोडून उभी राहिली.

"अध्यक्षसाहेब, भोंग्याला बंद करायचं बटणच नाही. बटण बसवायचं तर बोर्ड नव्याने काढावा लागेल. नवा बोर्ड म्हणजे नवी खरेदी."

गव्याने मान डोलावली. नियम त्याला पाठ होता. रानडुक्कर म्हणालं, भोंगा उपटूनच टाकू. पण तो आता सभेची मालमत्ता होता आणि मोडीत काढायलाही तीन दरपत्रकं लागत. कोल्ह्याचं आलं, मेव्हण्याचं आलं. बिबट्या द्यायला तयार होता, पण त्याची जुनी बाकी वादात असल्यामुळे त्याचं घेता येईना. कोळ्याने पुन्हा 'काही नको' लिहिलं आणि ते पुन्हा बाद झालं.

मग भोंगा मोडीत काढायची जाहिरात सागावर लागली, ती अजून तिथेच आहे. बायजाची पिल्लं तिच्यावरची अक्षरं गिरवून लिहायला शिकली. बिबट्याही ती रोज वाचतो, शंभर पावलांवरून, डोळे बारीक करून.

तात्पर्य : तीन दरपत्रकांचा नियम फार उत्तम आहे, बाळांनो. फक्त तो आपल्या कामाला लावू नये, बिबट्याच्या कामाला लावावा.