न पडणारा मनोरा

परसात ठोकळ्यांचा खेळ मांडणे हा गुन्हा नाही. निदान शनिवार सकाळपर्यंत तरी नव्हता.

सोमवारी लेक शिकायला परगावी निघणार होती. लहानपणी ती बापासोबत टेबलावर लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायची. खालून एकेक ठोकळा अलगद ओढायचा, वर ठेवायचा. ज्याच्या हातून सगळं कोसळेल तो हरला. अर्ध्या डावात बापाला हमखास ऑफिसचा फोन यायचा आणि "थांब गं, एवढं होऊ दे" म्हणत तो उठायचा. त्याची खंत त्याला आता लागली होती. म्हणून त्याने जुना पलंग कापला, हातभर लांबीचे ठोकळे घासून गुळगुळीत केले आणि परसात छातीएवढा मनोरा उभारला. रविवारी एक डाव, अगदी शेवटपर्यंत, फोन बंद ठेवून.

शेजारच्या काकांनी खिडकीतून पाहिलं. "झकास झालंय हो! पण मनोऱ्याला परवानगी लागत असेल ना? मी आपलं फक्त विचारलं."

त्यांनी ते नगर कार्यालयातही फक्त विचारलं. तुंबलेल्या गटारासाठी वर्षभर न फिरकलेला निरीक्षक दुपारीच दारात हजर.

"हे काय आहे?"

"मनोरा!" बाप कौतुकाने म्हणाला आणि तिथेच फसला.

"म्हणजे बांधकाम. पाया कुठाय?"

"अहो साहेब, खेळ आहे हा. मनोरा नका म्हणू, ढीग म्हणा."

"ढीग म्हणजे अडगळ. उद्या गाडी येऊन उचलून नेईल."

बापाने घाईघाईने मनोरा कबूल केला.

"पडण्याची शक्यता?"

"पडायलाच हवा. नाहीतर हरणार कोण?"

निरीक्षकाने चष्मा काढला. इमारत पडणार नाही असं छातीठोकपणे खोटं सांगणारे मालक त्याने ढिगाने पाहिले होते. पडणारच असं खरं सांगणारा हा पहिलाच. "पडायची परवानगी देणारं कलम नाही," तो हळहळून म्हणाला. "न पडण्याची मात्र देता येईल."

"बाबा, जाऊ दे ना," लेक म्हणाली. "ते जुने छोटे ठोकळे आहेत माळ्यावर. टेबलावर खेळू."

पण बाप आता हट्टाला पेटला होता. "थांब गं, एवढं होऊ दे!"

रविवारचा अख्खा दिवस त्याने ठोकळ्यांना भोकं पाडली, आरपार लोखंडी सळया घातल्या, नट आवळले. संध्याकाळी निरीक्षकाने मनोऱ्याला खांदा लावून पाहिला आणि तो सुरक्षित खेळ म्हणून मंजूर केला. शेजारच्या काकांनी टाळ्या वाजवल्या.

लेकीने खालचा एक ठोकळा ओढला. मग दोन्ही हातांनी ओढला.

"बाबा, हलत नाहीये."

"पाहिलंत?" निरीक्षक खूश होऊन म्हणाला.

ती हसली आणि बॅग भरायला आत गेली. बापाला भडभडून आलं, पण हातात पाना होता आणि निरीक्षक व काका दोघांनाही त्याचं अभिनंदन करायचं होतं.

मनोरा अजून तसाच उभा आहे. हल्ली मुलं बाहेर खेळतच नाहीत, अशी तक्रार काका त्याला टेकून करतात.

आणि तुम्ही? खरं सांगा, मघाशी छातीएवढा मनोरा वाचताना मनात आलंच ना, पायावर पडला असता म्हणजे? विचारा की. फक्त विचारायला काय जातंय?