उंच गाडीवाली अक्का

आमच्या शेजारच्या सुमनअक्कांच्या स्वयंपाकघरात, भांडी निथळायच्या जाळीत पाने निथळत असतात. पालेभाजीची पानं नव्हेत, नट आवळायचे पाने. चमच्यांच्या कप्प्यात, राखेने घासून लख्ख केलेले. एकदा चहात साखर ढवळायला म्हणून मी तिकडे न बघता हात घातला, तर हाताला बारा-तेराचा पाना आला. मी तो घाईघाईने परत ठेवू लागलो, तेव्हा अक्का गॅसपाशी उभ्या राहूनच म्हणाल्या, "ढवळ, ढवळ. धुतलाय तो."

जळगावात जुन्या जीपचे शौकीन पुष्कळ आहेत. कुणी लग्नाच्या वरातीसाठी ठेवतं, कुणी निवडणुकीसाठी. अक्कांनी ठेवली ती सूड म्हणून. गृहविज्ञानाच्या शिक्षिका म्हणून त्यांनी सगळी नोकरी एका खेडेगावच्या शाळेत केली. मुलींना शिवण, भरतकाम आणि पाककृती शिकवायच्या. रोज काळी-पिवळी जीपने जायचं आणि यायचं, तेही ड्रायव्हरच्या शेजारी चौथी सवारी म्हणून, अंग चोरून. "भाऊ," त्या मला सांगतात, "सगळी नोकरी तो गिअरचा दांडा माझ्या गुडघ्याला लागला. तेव्हाच ठरवलं, एक दिवस हा हातात घ्यायचा."

निवृत्त झाल्यावर त्यांच्या मैत्रिणी काश्मीरला गेल्या. अक्का एरंडोलजवळच्या एका शेतात गेल्या. तिथे लिंबाखाली एक जुनी फोर-व्हील जीप उभी होती आणि तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. कोंबड्यांनी जागा सोडल्यावर अक्कांनी ती ट्रॅक्टरला बांधून घरी आणली. नाना, म्हणजे अक्कांचे यजमान, फाटकात उभे होते. त्यांनी जीपकडे पाहिलं, ट्रॅक्टरकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "यातली आपली कोणती?"

नाना दीपनगरच्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये होते. काटा हलला तरच बोलायचं, अशी सवय त्यांना तिथे लागली आणि ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. त्यामुळे त्या घरात बोलायचं सगळं काम अक्कांकडे आलं. त्या ते आनंदाने करतात. बहुतेक वेळा जीपच्या खालून करतात. आपण अंगणात उभं राहायचं आणि बोनेटकडे बघून हो म्हणायचं.

गाडीची दुरुस्ती त्या कुठे शिकल्या, हे मी एकदा विचारलं होतं. "त्यात शिकायचं काय? स्वयंपाकच तो," असं उत्तर मिळालं. आणि खरोखरच त्या तसाच विचार करतात. इंजिन तापलं की "आच जास्त झाली." ऑइल काळं पडलं की "फोडणी जळली." इंजिनाच्या दोन भागांमध्ये जी पातळ गॅस्केट असते, तिच्याबद्दल त्यांनी मला सांगितलेलं मी मरेपर्यंत विसरणार नाही. "भाऊ, गॅस्केट म्हणजे करंजीची कड. नीट दाबून बसली नाही की सारण बाहेर." त्यांच्या गॅस्केटमधून सारण बरेचदा बाहेर येतं. मग आमच्या दोन घरांमधल्या फरशीवर तेलाची रांगोळी पडते आणि माझी बायको वैशाली भुसा टाकत फिरते.

उलट दिशेनेही हेच चालतं. हिवाळ्यात भरताची वांगी भाजायला सगळा खान्देश कपाशीच्या काड्या पेटवतो. अक्कांनी गंजलेले नट सोडवायचा ब्लो-लॅम्प वांग्यावर धरला. वांगं एका बाजूने कोळसा आणि दुसऱ्या बाजूने कच्चं राहिलं. आम्ही सगळ्यांनी ते खाल्लं. नानांनी फक्त एवढंच विचारलं, "डिझेल की रॉकेल?"

गाडीत त्यांनी केलेले बदल बघायला लांबून माणसं येत. ताडपत्रीचं हूड त्यांनी स्वतःच्या शिलाई मशीनवर शिवलं. त्यात मशीनच्या इतक्या सुया मोडल्या, की शेवटी त्यांनी चपलांचा दाभण घेतला. सीटच्या कव्हरवर कशिद्याचा मोर आहे. त्याच्या पिसाऱ्यावर आपण बसायचं असतं आणि चोच पाठीला टोचते. पाण्यातून जाताना इंजिनाला श्वास घेता यावा म्हणून अशा गाड्यांना उंच धुराड्यासारखी नळी लावतात. अक्कांनी त्यासाठी शेतीचा पाइप लावला. पाइपचं गावच आहे आमचं, तुकडा कुठेही मिळतो. पण ज्या गावात नळाला पाणी येण्याची माणसं पाहुण्यासारखी वाट बघतात, तिथे अक्कांची गाडी महापुराला तयार होऊन उभी होती.

आणि मग उंची. "पाटे वाढवले," असं त्यांनी मला सांगितलं तेव्हा मला वाटलं, मसाल्याचं काहीतरी काढलंय. पण हे पाटे म्हणजे गाडीच्या चाकांवरच्या पोलादी पट्ट्या, ज्यांच्यावर गाडी झुलते. अक्का भंगार बाजारात सलीमभाईंच्या वेल्डिंगच्या दुकानात गेल्या. त्यांनी जादा पाटे घालून घेतले, वर मोठाले टायर चढवले. सलीमभाईंची बहीण अक्कांकडे शिवण शिकली होती, म्हणून ते त्यांना वाद न घालता मॅडम म्हणतात. तेसुद्धा म्हणाले, "मॅडम, बस करो. आता शिडी लागेल."

अक्कांना शिडी लागत नव्हती. शाळेत खो-खोचा संघही त्यांच्याकडेच होता. सलवार-कमीज, ओढणी कमरेला गच्च, एक पाय चाकाच्या मध्यावर, एक हात हूडच्या दांड्याला, आणि बघता बघता अक्का वर. इतरांसाठी त्यांनी एक स्टूल ठेवलं होतं. वैशाली एकदा त्यावरून कशीबशी चढली, सगळ्या बाजारातून मिरवून आली आणि मग तिला खालीच उतरता येईना. मी स्टूल धरून उभा होतो, गल्ली बघत होती.

या गाडीत कधीच बसला नाही असा एकच माणूस होता. नाना.

"मला उघड्या गाडीत सर्दी होते," ते म्हणत. जळगावच्या मे महिन्यात, डांबर चपलेला चिकटत असताना, ते हे न हसता म्हणत. बोदवडला लग्न होतं, तर अक्का जीपने गेल्या आणि नाना रेल्वेने. आहेर एकच होता, तो जीपमधून गेला. बाजारात जायचं तर पुढे जीप आणि मागे रिक्षात नाना, हातात पिशवी. कॉलनीने याची यथेच्छ चेष्टा केली. नाना घाबरतात, असं निम्म्यांचं म्हणणं. बायकोने चालवलेल्या गाडीत बसायची त्यांना लाज वाटते, असं उरलेल्यांचं. मी दोन्ही गटांत होतो.

अक्का वरवर हसत. पण एकदा बोनेट पुसता पुसता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्यास्ना मनावर इस्वास नही, भाऊ." म्हणजे, नानांचा त्यांच्यावर विश्वास नाही. त्या फार रागावल्या, किंवा त्यांना फार लागलं, की त्यांच्या तोंडून धुळ्याकडच्या गावची भाषा येते. त्या दिवशी त्या रागावलेल्या नव्हत्या.

गेल्या हिवाळ्यात जीपवाल्या तरुणांच्या एका गटाने अक्कांना बोलावणं पाठवलं. सातपुड्याच्या पायथ्याला, यावलच्या बाजूला त्यांची रविवारची सफर होती. नाल्यांतून, दगडांतून गाड्या घालायच्या आणि मग सगळ्यांनी मिळून भरीत खायचं. त्यांचा म्होरक्या रोहन स्वतः आला, वाकून नमस्कार केला. म्हणाला, "अक्का, सगळ्यात पुढे तुमची गाडी. एवढी उंच गाडी जिल्ह्यात कुणाकडे नाही."

अक्का आठवडाभर जमिनीवर नव्हत्या. आधीही फारशा नसतच, पण आता आनंदाने. गाडीला नवं ग्रीस, पुढे लावायला इस्त्री केलेला झेंडा, आणि सफरीतल्या पोरांसाठी डबाभर लाडू.

त्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारी मी वांगी द्यायला अक्कांकडे गेलो. त्या ओट्यापाशी कळण्याच्या भाकरीचं पीठ मळत होत्या. समोरच्या खिडकीतून अंगण दिसतं. आम्ही बोलत असताना नाना बाहेर आले. त्यांनी फाटकाकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. कुणी नव्हतं. मग त्यांनी जीपच्या दांड्याला हात घातला आणि पाय उचलला.

पाय चाकाच्या मध्यापर्यंतही पोचला नाही. त्यांनी तो खाली घेतला, दुसरा उचलला. तोही तेवढाच. मग त्यांनी स्टूल आणलं. सावकाश त्यावर चढले आणि दोन्ही हातांनी दांडा धरून उभे राहिले. आता फक्त गुडघा वर घ्यायचा होता. तो काही येईना. नाना तसेच थांबले. त्यांचं कपाळ हूडच्या ताडपत्रीला टेकलं होतं.

मी हाक मारायला तोंड उघडलं, तोच पिठाने भरलेल्या हाताने अक्कांनी माझं मनगट धरलं.

नाना स्टुलावरून उतरले. स्टूल होतं तिथे ठेवलं. खांद्यावरचा पंचा काढला आणि त्याच कामासाठी आल्यासारखे गाडीचा पुढचा दिवा पुसू लागले. एक पुसला, मग दुसरा.

ते घरात आले तेव्हा अक्का पुन्हा पीठ मळत होत्या. "कुठे होतात?"

"दिवे पुसत होतो. धूळ फार बसते."

"बसते खरी," अक्का म्हणाल्या. पीठ त्यांनी इतकं मळलं, की त्याची भाकरी झाली असेल का, शंकाच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप जॅकवर होती आणि सलीमभाई हत्यारांसकट अंगणात. "मॅडम," ते कळवळून म्हणत होते, "चढवताना तुम्हीच भांडलात, अजून चढव म्हणून. आता उतरव म्हणता?"

"उंच गाडी वाऱ्याला हलते," खालून अक्कांचा आवाज आला.

"कुठे आहे वारा?"

"सलीमभाई, पाटा काढ."

नाना बाहेरच्या ओट्यावर पेपर वाचत होते. म्हणाले, "पाटे तर चांगले होते."

"कुरकुरत होते," अक्का म्हणाल्या. "तुम्हाला ऐकू नाही आलं." नानांनी पेपर जरा वर धरला.

जादा पाटे निघाले, मोठे टायर निघाले, साधे आले. मग अक्कांनी दोन्ही बाजूंच्या दारांखाली एकेक लोखंडी पायरी वेल्ड करून घेतली. तिची उंची ठरवायला सलीमभाई टेप काढू लागले, तर अक्कांनी नको म्हटलं. त्या काठी घेऊन घराच्या ओट्याकडे गेल्या. नाना रोज चढतात त्या पायरीला काठी लावली, खडूने खूण केली आणि ती काठी सलीमभाईंच्या हातात दिली. सलीमभाईंनी ओट्याकडे पाहिलं, पेपराकडे पाहिलं. त्यानंतर त्यांनी वाद घातला नाही. दाराशी एक दांडाही बसवला. उन्हात तो तापेल, म्हणून अक्कांनी त्याला जाड कापडाचं कव्हर शिवलं. यावर मात्र भरतकाम केलं नाही. हाताला टोचलं असतं.

शनिवारी रोहन आला आणि फाटकातच थांबला. "अक्का, हे काय? ही तर भाजी आणायची गाडी झाली!"

"भाजीच आणानी शे," अक्का म्हणाल्या.

"पण उद्या नाल्यात पोट घासेल हिचं. पुढे कोण राहणार?"

"तू राहा. ते टायर पडलेत कोपऱ्यात, घेऊन जा. आणि हा लाडवांचा डबा. झेंडाही ने, इस्त्री केलेला आहे."

तो डबा, झेंडा आणि टायर घेऊन गेला. अक्का त्याच्या गाडीकडे वळणापर्यंत बघत राहिल्या. तेवढंच.

रविवारी सकाळी मी अंगणात झाडांना पाणी घालत होतो. लांब हमरस्त्यावरून ओळीने हॉर्न वाजत गेले. अक्का तेव्हा काच पुसत होत्या. त्यांचा हात थांबला नाही. काच पुसून झाल्यावर त्या ओट्यापाशी गेल्या आणि नानांना म्हणाल्या, "गाडीत कुठूनतरी आवाज येतो. चालवताना मला नीट कळत नाही. तुम्ही कंट्रोल रूमवाले. जरा शेजारी बसून ऐकता का?"

नानांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "कसला आवाज?"

"ते कळलं असतं तर तुम्हाला कशाला विचारलं असतं?"

"ते खरं," नाना म्हणाले. आत जाऊन ते मफलर घेऊन आले. मग गाडीपाशी आले, दांडा धरला, पायरीवर पाय ठेवला. दुसरा पाय आत. बसले. सगळं इतकं साधं झालं, की मला पाइप बंद करायचं भान राहिलं नाही आणि जास्वंदीचं तळं झालं.

अक्का दुसऱ्या बाजूने चढल्या. आज त्यांनी उडी मारली नाही. त्याही पायरीनेच गेल्या.

दुपार टळल्यावर गाडी परत आली. मागच्या सीटवर मेथीच्या दोन जुड्या होत्या आणि नानांच्या मफलरवर वाटेतल्या धुळीचा थर. मी कुंपणाच्या भिंतीपाशी गेलो. "काय नाना, सापडला का आवाज?"

नानांनी गंभीरपणे मान हलवली. "नाही. उद्या पुन्हा जाऊन ऐकावं लागेल. भुसावळच्या रस्त्याला येतो बहुतेक."

अक्कांनी इंजिन बंद केलं, उतरल्या आणि घरात गेल्या. नाना उतरले नाहीत. मला वाटलं, उतरताना त्रास होत असेल, हात द्यावा. तेवढ्यात अक्का चहाचे दोन कप घेऊन बाहेर आल्या. एक नानांच्या हातात दिला, दुसरा घेऊन पुन्हा आपल्या जागेवर चढून बसल्या.

बंद गाडीत, भर अंगणात दोघं चहा पीत होते. समोर आमची भिंत होती, तिच्यावर वाळत घातलेल्या दोन गोधड्या आणि तिच्यामागे मी. दोघं त्या भिंतीकडे असे बघत होते, की मी आपला गुपचूप बाजूला झालो.