पोटासाठी चौकट नाही

आमच्या कानाझावातल्या हिनोकी पाळणाघरात अन्नाची अ‍ॅलर्जी तीनच प्रकारे होऊ शकते : अंगावर पुरळ उठून, श्वास अडकून किंवा शुद्ध हरपून. डॉक्टरांनी भरून द्यायच्या तक्त्यावर तेवढ्याच चौकटी आहेत. चौथ्या प्रकाराने आजारी पडण्याची मुभा अद्याप कोणत्याही मुलाला देण्यात आलेली नाही.

नागुमो सान यांच्या चौदा महिन्यांच्या त्सुमुगीने ही शिस्त मोडली. मऊभातात अंड्याचा बलक असला की ती तो चाटूनपुसून खायची, खुशाल झोपायची आणि दोन-तीन तासांनी भडाभडा ओकून पांढरीफटक, लुळी पडायची. दुसऱ्या दिवशी जुलाब. असं तीनदा झाल्यावर नागुमो सान डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आल्या. आतड्याची अ‍ॅलर्जी आहे, बलक बंद करा, एवढंच त्यात होतं.

"डॉक्टरांबद्दल आम्हाला फार आदर आहे हो," संचालिका उसामी बाई म्हणाल्या. "पण पुरळ कुठंय?"

"पुरळ येतच नाही, बाई. तिचं सगळं पोटावर निघतं."

"तेच म्हणते मी. पोट आमच्याकडे संसर्गात येतं."

नियम स्पष्ट होता. जेवणानंतर अर्ध्या तासात जे होतं ते अन्नामुळे, त्यापुढचं साथीचं. तेव्हा खोली औषधाने तीनदा पुसण्यात आली आणि बरी झाल्याचा दाखला आणेपर्यंत त्सुमुगीला प्रवेशबंदी झाली. जो रोग झालाच नाही तो बरा झाल्याचं लिहून देणार कसं, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी त्याऐवजी पट्टी घेऊन तक्त्यावर चौथी चौकट आखली आणि 'पोट' असं लिहून तिच्यात खूण केली. तक्त्यात फेरफार झाल्याने तक्ता बाद झाला.

मग समिती नेमली गेली. तिच्यावर चिठ्ठी टाकून एक पालक घेतात. यंदा चिठ्ठी माझी निघाली. मी सेरिझावा. अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलो, साडेअकराला ऑफिसात पोचायचं होतं.

समितीने त्सुमुगीला सर्वांसमक्ष बलक भरवण्याचा ठराव केला. अशी चाचणी इस्पितळातच करायची असते, असं डॉक्टरांनी कळवलं होतं. पण इस्पितळ समितीच्या कक्षेबाहेर होतं. आणि नाही भरवला, तर अ‍ॅलर्जी सिद्ध होत नव्हती. नागुमो सान औषधांच्या दुकानात कामाला. आणखी एक आठवडा पोर घरी राहिली तर नोकरी गेली, असं मालकाने सांगितलेलं. त्यांनी दहा वाजता चमचा पुढे केला.

"तीन तास थांबा हो, एवढंच म्हणते," त्या म्हणाल्या.

"खोली अकरापर्यंतच आहे," उसामी बाई म्हणाल्या. "नंतर ढोलांची तालीम असते."

अकराला दोन मिनिटं कमी असताना 'बालिका बलक खाऊन हसते' अशी नोंद झाली. अ‍ॅलर्जी नाही, या ठरावावर हात वर झाले. माझाही झाला.

एक वाजायच्या सुमाराला त्सुमुगी बाहेरच्या बाकावर ओकली आणि तिचे ओठ निळसर पडले. अ‍ॅम्ब्युलन्सने नेलं, सलाइन लावलं, संध्याकाळपर्यंत पोर सावरली. नियम मात्र नियम. ती साथीची रुग्ण होती, तेव्हा आम्ही पाचही सदस्य तिच्या संपर्कात आलेले ठरलो. बरे झाल्याचा दाखला आणेपर्यंत आम्हाला बंदी झाली, आणि आम्ही आजारीच नसल्याने आम्हाला कोणी दाखला देईना. त्सुमुगीची साथ अ‍ॅलर्जी ठरल्याशिवाय आमची सुटका नव्हती, तेव्हा तिसऱ्या दिवशी चौथी चौकट एकमताने मंजूर झाली. सरकारी कामाला एवढा वेग मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

फक्त मागणी सिद्ध करायची राहिली. तेवीस घरांना विचारणा झाली : तुमच्या मुलाच्या पोटाची काही तक्रार? 'हो' म्हटलं की मूल त्याच दिवशी घरी, हे सगळ्यांना ठाऊक. बावीस घरांनी 'नाही' लिहिलं. एका मुलीसाठी तक्ते नव्याने छापता येत नाहीत, म्हणून चौकट रद्द झाली.

त्याच शुक्रवारी नागुमो सान माझ्या दारात उभ्या राहिल्या. वापरलेले लंगोट आमच्याकडे संध्याकाळी ज्याचे त्याला बांधून परत देतात. चौकट होती तोवर त्सुमुगी येत होती; त्यात पिशव्यांची अदलाबदल झाली होती, आणि डॉक्टरांना दाखवण्यासाठी त्यांनी ती उघडली होती.

"माफ करा हं, अवेळी आले," त्या वाकून म्हणाल्या. "ही तुमच्या मिओरीची. शीमध्ये रक्ताच्या रेघा आहेत, शेंबडासारखं बुळबुळीतही आहे. दुधानंतर होतं का हो असं?"

होत होतं. दोन महिने होत होतं. बायको रोज सकाळी पाळणाघरात द्यायच्या वहीत लिहायची आणि मी पाळणाघराच्या पायरीवर ते खोडून 'नेहमीप्रमाणे'वर गोल करायचो.

"छे हो," मी म्हणालो, "आमचं सगळं नेहमीप्रमाणे आहे."

 त्या पिशवी माझ्या हातात देऊन गेल्या. मला लाज वाटली, खरंच वाटली. पण सोमवारी नऊ वाजता माझी मीटिंग होती. मान कसली हलवताय? तुमची नसते का मीटिंग?