वायरला पाच मार्क

मी तपासलेल्या पेपरात एका मार्काची चूक काढून दाखवा, नाव बदलून टाकतो. अठ्ठावीस वर्षं शाळेत हे ठणकावून सांगत आलोय. आणि कोहमाऱ्याजवळच्या आमच्या गावात २०१५ साली वायरचं इंटरनेट घेणारा पहिला माणूसही मीच.

त्याआधी आमचा कॉम्प्युटर शेजारच्या दुधराम कापगतेच्या वाय-फायवर चालायचा, त्याच्या परवानगीनं. पण त्याच्याकडे दिवसभर सिनेमे चालत आणि आमचं नेट रांगायचं. त्यापायी माझ्या रचनाच्या दोन मुलाखती अर्ध्यात तुटल्या. तिसरी पुण्याच्या कंपनीची, नेटवर्क सांभाळायच्या नोकरीची. ही तुटली तर पुन्हा बोलावणार नाही, असं त्यांनी आधीच कळवलं होतं. म्हणून मी वायर घेतली.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी रचनानं कॉम्प्युटरवर काहीतरी केलं आणि कपडे बदलायला जाताना म्हणाली, "बाबा, वायर आधी चालंल अशी सेटिंग केली आहे. आता हात लावू नोका."

मी हात लावणार नव्हतोच. नुसतं पाहिलं. वाय-फायसमोर पन्नास आणि वायरसमोर पाच!

मला फार वाईट वाटलं. घरच्या वायरला पाच मार्क? पोरीनं घाईत उलटे भरले असणार. मी फेरतपासणी केली. वायरला पंच्याण्णव दिले. शंभर मी कुणालाच देत नाही, पाच अक्षराचे कापतो. वाय-फायला पस्तीस. शेजाऱ्याचं आहे, नापास कसं करणार?

अकराला मुलाखत सुरू झाली. दोन मिनिटांत पडद्यावरच्या मॅडमचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. रचनाचा चेहरा उतरला. मी ओळखलं, वायर कुठंतरी मुडपली आहे. धानाच्या बांधीत पाणी सोडताना पाइप मुडपला की धार थांबते, तसंच. मी रचनाच्या मागं उभा राहून वायर डोक्यावर ताणून धरली. चित्र हललं. मग माझी खात्रीच पटली. खिडकीकडचं टोक बायकोच्या, कलाबाईच्या हाती दिलं. तिच्या दुसऱ्या हातात वरणाचा डाव होता, तो ठेवायलाही वेळ नव्हता.

दुधरामनं हे अंगणातून पाहिलं आणि काठी घेऊन धावत आला. "काऊन गुरुजी, साप निंगाला का?"

मी हळूच सांगितलं, मुलाखत चालू आहे. तर तो काठीसकट आमच्या शेजारी उभा राहिला.

"रचना, मागे ते कोण आहेत?" मॅडमनी विचारलं.

रचनानं वळून पाहिलं. "आई, बाबा आणि शेजारचे काका."

चित्र फारच अडकतंय, मॅडम म्हणाल्या, तर त्याचं कारण आत्ता, इथेच शोधून दाखवाल का? नोकरी या एका प्रश्नावर येऊन ठेपली होती. मी वायर आणखी चार बोटं वर धरली.

रचनानं सेटिंग उघडली आणि नुसती बघत राहिली. मग शांतपणे म्हणाली, "मॅडम, यात ज्याचा आकडा लहान त्याचा पहिला मान. इथं वायरला पंच्याण्णव आणि वाय-फायला पस्तीस दिलेत. म्हणून सगळं शेजारच्या वाय-फायवरून चाललंय."

तिनं आकडे बदलले. चित्र गेलं, आणि आलं ते असं स्वच्छ की मॅडमच्या कानातले डूलसुद्धा दिसले. माझे हात मात्र वरच राहिले. ते खाली घ्यायला तोंड नव्हतं.

"पण इतके विचित्र आकडे दिले कोणी?"

आता माझी शोभा होणार, हे मी धरून चाललो. रचना वळली नाही. "कोणीतरी फार मनापासून पेपर तपासलाय, मॅडम."

मला भरून आलं. हात गुंतलेले, त्यामुळे डोळे पुसता आले नाहीत.

आठव्या दिवशी नोकरीचं पत्र आलं. दुधराम अजूनही सांगतो की काठी होती म्हणून जमलं. पुण्याला निघताना बसस्टॉपवर मी रचनाला विचारलंच, "मले शंभरातले किती देशीन?"

"पाच," ती म्हणाली आणि बसमध्ये चढली.

खूश व्हायचं की नाही, ते मला अजून नक्की कळलेलं नाही.